शांताला आणायला: आर्वी ते कारंजा, बिनक्लचच्या गाडीनं

जुनी गाडी बाहेर काढावी, घरच्यांना बसवावं आणि कुठंतरी निघावं, असं मनात असेल तर आधी हे वाचा. मी मराठी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. मोबाईलवर एका बोटानं लिहितो. लिहिलेलं दोनदा तपासतो आणि दाराची कडी तीनदा. माय म्हणायची, हा पाळण्यातही एक डोळा उघडा ठेवून झोपायचा. एवढी काळजी करणाऱ्या माणसानं जिथं करायला पाहिजे होती तिथं ती केली नाही, म्हणून हे लिहितो. प्रवास मोठा नाही. आर्वीहून तळेगाव, तळेगावहून हायवेनं कारंजा, तिथून आत दोन कोस, आणि तोच रस्ता परत. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरसुद्धा भरत नाहीत.

साल ऐंशीच्या आसपासचं. मार्गशीर्ष महिना होता. माझी धाकटी बहीण शांता हिचं पत्र आलं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, पहिलंच बाळंतपण. तिचं सासर कारंज्यापासून आत, जिथं येष्टी जात नव्हती. पत्र चार ओळींचं होतं. शेवटची ओळ होती, "दादा, सातवा संपाच्या आत मले इथून ने." तिच्या थोरल्या जावेचं बाळ त्याच घरात, दवाखान्यात न्यायला गाडी न मिळाल्यामुळं गेलं होतं. शांतानं ते पत्रात लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती.

तिकडं रीत अशी की आठव्या महिन्यात बाईला हलवत नाहीत. सातव्यात नेली तर नेली, नाहीतर बाळंतपण सासरीच. पत्र पोचेपर्यंत सातव्याचे पाच दिवस उरले होते. माझं किराणा दुकान, त्यात कापसाच्या हंगामाची गर्दी, आणि आज जाऊ उद्या जाऊ करता करता एकच दिवस उरला.

आता गाडीबद्दल. वडील गेल्यावर वर्षभरानं मी नागपूरहून एक जुनी अमेरिकन गाडी घेतली होती. रंग फिका हिरवा, लांबी आमच्या दुकानाएवढी, आणि पेट्रोल पाण्यासारखं पिणारी. तिला क्लच नव्हता. पायाखाली दोनच पेडल, म्हणून आर्वीत तिला सगळे लंगडी म्हणत. स्टिअरिंगच्या दांड्याला एक काडी होती आणि वर काचेखाली पाच इंग्रजी अक्षरं: पी, एन, डी, एल, आर. ज्यांच्याकडून घेतली त्यांच्या ड्रायव्हरनं मला अर्ध्या तासात शिकवलं. तो हिंदी बोलायचा. "पी में खड़ी करो, डी में चलाओ, लोड हो तो एल में डालो, आर में पीछे." मी ते पाठ केलं. गाडीच्या कप्प्यात एक इंग्रजी पुस्तक होतं, ते त्यानं मला दाखवलं. मी मान हलवली आणि कप्पा लावला. इंग्रजी मला येत नाही, हे त्याला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नव्हतं. दुकानात इंग्रजी कागद आला की "चष्मा घरी राह्यला" म्हणायचो.

सकाळी सातला निघालो. मी आणि माय. मागच्या सीटवर विहिणीकडं न्यायची ज्वारीची गोणी, तांदळाचं अर्धं पोतं, शेव-चिवड्याचे दोन डबे, शांतासाठी गादी. डिकीत आणखी सामान. एवढा लोड! मी काडी एलवर टाकली.

गाडी ओरडायला लागली. मला वाटलं, मोठी गाडी आहे, वजन आहे, ओरडणारच. एरवी मी गावातल्या गावात, दुकान ते स्टेशन, स्टेशन ते दुकान फिरायचो, तेव्हा डीवर. भरून लांब नेण्याची ही पहिलीच वेळ. रस्त्यावर कापसाच्या बैलगाड्यांची रांग होती, दोन्हीकडच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले. थंडी चांगलीच होती, पण पायाशी ऊब यायला लागली. माय खूश झाली. म्हणाली, "पाय पाह्य, कसे शेकून राह्यले."

तळेगावला चहाला थांबलो. तुम्ही या रस्त्यानं गेलात तर तळेगावच्या चौकात गरम आलूबोंडा आणि वर तर्री घालून पोहे मिळतात का बघा. तेव्हा तरी मिळायचे, आणि नाकातून पाणी यायचं. खाऊन परत आलो तर गाडीच्या पुढच्या चाकाच्या मागं, जमिनीवर, लाल पिचकारी. ताजी. शेजारीच एक धोतरवाला म्हातारा पान चघळत उभा. माझं डोकं फिरलं.

"काऊन गा बुवा, एवढा मोठा चौक सोडून माझ्याच गाडीखाली थुकायले भेटलं?"

"मी थुकलो?" तो चिडला. "मी त आत्ता पान तोंडात टाकलं. रंगही नाई चढला अजून. पाह्य!" आणि त्यानं जीभ बाहेर काढून दाखवली.

जीभ खरंच पांढरी होती. माय हसून हसून बाकड्यावर बसली. मी मात्र पुटपुटत गाडीत बसलो. जळकट वास येत होता, करपलेल्या तेलासारखा. शेजारच्या कढईचा असेल म्हटलं.

कारंज्यापर्यंतचा हायवे चांगला होता. नागपूरकडून येणारे ट्रक, संत्र्यांचे ढीग, ढाब्यांवर खाटा. पुढं आतला रस्ता म्हणजे गाडीवाट. तिथं गाडी एकदोनदा नुसतीच गुरगुरली आणि एक क्षण थांबून मग पुढं गेली. मायला म्हटलं, खड्डा होता.

शांताच्या सासूनं अंगणात पाट टाकून ठेवले होते. जावई कापूस वेचणीला शेतात गेले होते, जेवणाच्या वेळी आले आणि परत गेले. पिठलं, ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, वरून तेल. शांता दाराशी उभी होती. तिचे पाय सुजले होते, चपलेत मावत नव्हते. मला बघून ती हसली, पण आधी तिनं माझ्या मागं गाडी खरंच आली का ते बघितलं.

जेवण झाल्यावर सासूबाई गाडीपाशी गेल्या आणि मला हाक मारली. "मालक, तुमची गाडी पान खाते काय?"

सारवलेल्या अंगणात गाडीखाली लाल थारोळं झालं होतं. मी वाकून बोट बुडवलं. तेल होतं. लाल, पण काठाशी काळपट झालेलं, आणि वास तोच, करपलेला. तेव्हा मला कळलं की तळेगावचा म्हातारा खरं बोलत होता.

"जुनी गाडी हाय, मावशी. थोडं गळते," मी म्हणालो.

"गळू दे नाईतर वाळू दे. आज नेता का नाई तेवढं सांगा. उद्या आठवा लागते. मंग मी पोरीले हालू देणार नाई, तुमी हवाईजहाज आणलं तरी."

मला त्याच वेळी सांगता आलं असतं की गाडीत काहीतरी बिघडलंय, बैलगाडीनं कारंज्याला जाऊ, तिथून येष्टी पकडू. उन्हं अजून डोक्यावर होती. पण शांता गाठोडं काखेत घेऊन तयार होती, शेजारच्या बाया गाडी बघायला जमल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर माझी लंगडी लंगडी ठरवायची माझी तयारी नव्हती. मी फडक्यानं हात पुसले. शांताला मागं गादीवर बसवलं, तिची पेटी पुढं मायच्या पायाशी ठेवली. आता तर खरा लोड होता. काडी एलवर.

हायवेला लागेपर्यंत मी मनात मारुतीचं नाव घेत होतो. हायवेवर गाडी बरी चालली, फक्त ओरडणं वाढलं. शांता मागून म्हणाली, "दादा, हे एवढी बोंबलून काऊन राह्यली?"

"ताकद लावून राह्यली. तू पडून राह्य."

तळेगावच्या अलीकडं छोटा घाट आहे. घाट म्हणजे फार मोठा नाही, दोन-चार वळणं. पण एका बाजूला खोल नाला आणि तेव्हा कठडा नव्हता. उतार उतरलो, पुलावरून गेलो आणि समोरच्या चढाला लागलो. अर्ध्यात गेल्यावर इंजिनाचा आवाज एकदम चढला, मोकळा सुटल्यासारखा, आणि गाडी मात्र हळू होत होत उभी राहिली. मी पाय दाबला. आवाज आणखी वाढला. गाडी जागच्या जागी थरथरली आणि मागं सरकायला लागली.

मी ब्रेकवर उभाच राहिलो म्हणा. गाडी थांबली. हातब्रेक ओढला, तो कधीपासून नावापुरताच होता. पाय जरा सैल केला की गाडी मागं जाई. काडी पीवर न्यायची तर भीती वाटली, एलच्या शेजारीच आर आहे, चुकून तिथं गेली तर? मागं वळणावरून ट्रकचा हॉर्न आला.

"माय, उतर. चाकाखाली दगड लाव."

साठीची माझी माय नऊवारीचा काचा मारून उतरली. एक दगड लावला, तो फुटला. दुसरा तिला उचलवेना, तो ढकलत आणला. ट्रक आमच्या मागं येऊन थांबला होता, त्याचा ड्रायव्हर उडी मारून धावला आणि त्यानं आपली लाकडी पाचर दुसऱ्या चाकाखाली सरकवली. मग मी पाय उचलला. गाडी कुरकुरली आणि थांबली. माझा उजवा पाय पुढं दहा मिनिटं आपोआप उडत होता.

मी मागचं दार उघडलं तेव्हा शांताचे ओठ पांढरे होते आणि एक हात पोटाखाली.

"दुखून राह्यलं?"

"कळ आलती एक. गेली." मग म्हणाली, "दादा, आपण घरी पोचू ना?"

तिला उतरवून रस्त्याच्या कडेला सावलीत बसवलं. माय तिची पाठ चोळत बसली. ड्रायव्हर अमरावतीकडचा, पन्नाशीचा, ट्रक रिकामा घेऊन चाललेला. त्यानं गाडीत डोकं घातलं.

"क्लच कुठं हाय हिचा?"

"नाई."

"नाई म्हंजे? घरी ठेवून आले काय?" तो खाली वाकून शोधायला लागला. मग बाहेर आला. "भाऊ, गिअरचं तेल संपलं दिसते. माझ्याकडे नव्वद नंबर हाय, टाकून देतो. नाईतर टोचन करतो, बसा सगळे आत, आर्वीच्या वेशीपर्यंत ओढत नेतो. दिवस बुडाच्या आत घरी."

टोचन म्हणजे दोर बांधून ओढणं. मला त्याचं म्हणणं देवाच्या आवाजासारखं वाटलं. दिवस बुडाच्या आत घरी! मी म्हणणार होतो, टाका तेल, बांधा दोर, दोन्ही करा.

"थांबा," शांता म्हणाली. "दादा, गाडीचं काई पुस्तक असीन ना?"

तिनं मॅट्रिक केलं होतं. आमच्या घरात ती पहिली. मी कप्प्यातून पुस्तक आणून दिलं. तिनं ते मांडीवर ठेवलं, एक हात पोटावर, दुसऱ्या हाताचं बोट ओळीवर. अडखळत वाचत होती, एकेक शब्द जुळवत. मी बाजूला उभा. ट्रकवाला बिडी ओढत होता आणि उन्हाकडं बघत होता.

"नव्वद नंबर चालत नाई," ती म्हणाली. "येगळंच पातळ तेल लागते. आन मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाई, आतलं सगळं घासून जाईन. चाकाकडे जाणारा लंबा दांडा सोडवून मंगच ओढायची." तिनं पान उलटलं. मग तेच पान परत वाचलं.

"दादा, तू कोणत्या अक्षरावर चालवून राह्यला होता?"

"एलवर."

"आत्ता चढापुरतं?"

"सकाळपासून. लोड होता ना. त्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं, लोड हो तो एल में डालो."

"एल म्हंजे लो, दादा. म्हंजे पह्यला गिअर. मोठा चढ असला, चिखलात फसली, त तेवढ्यापुरता. इथं लिह्यलं हाय. तू आर्वीपासून इथपर्यंत पह्यल्या गिअरमधी आणली हे."

ट्रकवाल्याच्या तोंडातली बिडी खाली पडली. "पह्यल्या गिअरमधी? कारंज्याहून? अन ते जित्ती राह्यली इथपर्यंत?"

माय मधेच म्हणाली, "थांब रे. लोड म्हंजे कोण? मी लोड?"

ट्रकवाला मोठ्यानं हसला. शांता हसली नाही. तिनं पुस्तक बंद केलं आणि माझ्याकडं बघत हळूच विचारलं, "हे पुस्तक वर्षभरापासून गाडीतच होतं. तू मले आधी काऊन नाई विचारलं?"

दिवाळीला ती माहेरी आली होती. महिनाभर होती. रोज संध्याकाळी याच गाडीत बसून आम्ही बाजारात जायचो.

तेवढ्यात तिनं डोळे मिटले आणि मायचा हात घट्ट धरला. दुसरी कळ. ही लवकर गेली नाही.

मागच्या उतारावरच्या वळणाकडून आवाज आला. नागपूरहून आर्वीला जाणारी येष्टी, लाल, खचाखच, टपावर कापसाची गाठोडी. हात केला की थांबेल का, थांबली तर धक्के बसतील का, शांताला बसायला मिळेल का, तेवढ्यात किती गोष्टी डोक्यात आल्या. आणि त्यातली एक गोष्ट लाज वाटली तरी लिहितो: भरल्या येष्टीत बहिणीला आणली, हे आर्वीच्या स्टँडवर लोक बघतील. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर करून उभा राहिलो.

कंडक्टरनं दार उघडलं. "का आत्महत्या करता काय, काका?" मी तेव्हा चाळीशीचाही नव्हतो, पण धुळीनं केस पांढरे झाले असतील. त्याला शांता दिसली आणि त्याचा आवाज बदलला. "पुढची सीट खाली करा! बाई अवघडलेली हाय. ओ पाव्हणे, उठा!" दोन कापूस वेचणाऱ्या बायांनी आपली बोचकी तिच्या पाठीला लावली. कापसाची ती बोचकी आमच्या गादीपेक्षा मऊ होती.

मी खिडकीखाली उभा होतो. "संभाळून जाजो. पोचली की लगेच डॉक्टरीण बाईकडे. माय, लगेच."

"दादा, घाबरू नको," शांता म्हणाली. "हिले क्लच हाय."

येष्टी चढ चढून गेली. मी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होतो, आणि मग ती दिसत नव्हती तरी बघत होतो.

जुनी गाडी बाळगणाऱ्या वाचकांसाठी पुढचं थोडक्यात. त्या ट्रकवाल्यानं पुस्तकात सांगितल्याप्रमाणं बोल्ट काढून लांब दांडा सोडवला, सुतळीनं बांधला आणि गाडी सावकाश तळेगावला ओढून आणली. पैसे घेतले नाहीत, आलूबोंडे खाल्ले. रात्र मी एका ओळखीच्या दुकानदाराकडं काढली, म्हणजे भिंतीला टेकून काढली. त्यांच्याकडं फोन नव्हता. शांता पोचली का, कळ थांबली का, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. सकाळी एका ट्रॅक्टरमागं गाडी आर्वीला आली. गल्लीत शिरताना मी आधी आमच्या दाराकडं बघितलं. दारात बायांची गर्दी नव्हती. त्याचा अर्थ चांगला का वाईट, हे मला ठरवता येईना.

शांता ओसरीत खाटेवर बसून पेरू खात होती. डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या, कळा खोट्या होत्या, धक्क्यानं आल्या, आता आराम. मी तिथंच पायरीवर बसलो.

शेजारचे तिघं-चौघं आले. गाडीला काय झालं म्हणून विचारायला लागले. शांता माझ्याआधी बोलली, "घाटात गरम झाली. जुनी हाय ना." मायनंही मान डोलावली. दोघींनी येष्टीत ठरवलं असावं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण रात्रभर मी एकच हिशेब करत होतो, की पाचर आली नसती तर. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "गरम नाई झाली. मी दिवसभर पह्यल्या गिअरवर चालवली. त्यावर काय लिह्यलं हाय ते मले माहीत नोतं. मले इंग्रजी वाचता येत नाई."

माझे कान तापले होते. मग माय चुलीकडून ओरडली, "त काय झालं? मले त मराठीबी येत नाई. पण मी गाडी चालवून राह्यली का?"

सगळे हसले. मीही हसलो, पण डोळ्यात पाणी होतं. शांतानं खाटेवर सरकून मला जागा केली आणि अर्धा पेरू दिला.

फाल्गुनात तिला मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, डॉक्टरीण बाईंच्या हातून. गाडी नागपूरच्या मिस्त्रीनं तीन महिने ठेवली आणि परत दिली. पुढं सात-आठ वर्षं चालली. त्या रस्त्यानं मी किती वेळा गेलो असेन, घाट आता रुंद झालाय, कठडा आहे, गाड्या भुर्रकन चढतात. मला मात्र तिथं अजून उजव्या पायात थरथर येते, बसमध्ये प्रवासी म्हणून बसलो असलो तरी.

शांताच्या घाटातल्या त्या प्रश्नाचं उत्तर मी तिला कधी दिलं नाही. हे सगळं लिहून झाल्यावर काल मी तिला फोन केला आणि म्हटलं, लोकांसाठी टाकायच्या आधी तुला वाचून दाखवतो, चुकलं असेल तर सांग. तिनं सगळं ऐकून घेतलं. मधे दोनदा माझी इंग्रजी अक्षरं दुरुस्त केली. शेवटी म्हणाली, "दादा, बरं केलं. या वेळी आधी विचारलं."